डीएनए कापणारी कात्री आली कुठून? समजून घ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइम्सचं काम

मधुमेहाच्या रुग्णांना दिलं जाणारं मानवी इन्शुलिन आज जीवाणू किंवा यीस्टच्या टाक्यांमध्ये तयार होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांत दिसणाऱ्या बीटी कापसात मातीतल्या एका जीवाणूचा जनुक बसवलेला असतो. १९८०च्या दशकात गाजलेली डीएनए फिंगरप्रिंट चाचणी गुन्हेगाराला पकडू लागली, तशीच बाप-लेकाचं नातंही ठरवू लागली. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे : डीएनए हवा तिथेच कापणं.

डीएनएचा धागा केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असतो. तो कापायला ना सुरी चालते ना लेझर. हे काम करतात रिस्ट्रिक्शन एन्झाइम्स. एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. गंमत म्हणजे ही कात्री माणसाने बनवलेली नाही. जीवाणू ती कोट्यवधी वर्षं वापरत आले आहेत. माणसाने ती फक्त शोधून काढली आणि आपल्या कामाला लावली.

आधी डीएनएची छोटी उजळणी

डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. शिडीच्या दोन बाजू साखर आणि फॉस्फेटच्या साखळीने बनतात, तर पायऱ्या चार रासायनिक 'अक्षरांच्या' जोड्यांनी. ही अक्षरं म्हणजे ए, टी, जी आणि सी. ए समोर नेहमी टी येतं, जी समोर नेहमी सी. त्यामुळे एका बाजूची अक्षरं कळली की दुसऱ्या बाजूची आपोआप कळतात.

माणसाच्या डीएनएच्या एका संचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या असतात. नेहमीच्या ई. कोलाय जीवाणूत सुमारे ४६ लाख. एवढ्या लांब मजकुरातला एखादा जनुक वेगळा काढायचा, तर नेमक्या जागी कापता यायला हवं. डीएनए कसाही तोडणं फार अवघड नाही, जोरात ढवळला तरी तो तुटतो. पण तो दरवेळी वेगळ्याच ठिकाणी तुटतो, आणि अशा तुकड्यांचा उपयोग होत नाही. खरी अडचण आहे ती दरवेळी त्याच जागी कापण्याची.

विषाणू वाढेनात, आणि शोध लागला

जीवाणूंनाही विषाणूंची लागण होते. जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंना फाज म्हणतात. फाज जीवाणूवर बसतो आणि आपला डीएनए आत सोडतो. मग जीवाणूची सगळी यंत्रणा फाजच्या नव्या प्रती बनवण्यात जुंपली जाते.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला साल्व्हादोर लुरिया, ज्युसेप्पे बर्टानी आणि इतर काही शास्त्रज्ञांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. जीवाणूच्या एका वाणात मजेत वाढणारे फाज दुसऱ्या वाणात सोडले, की बहुतेक सगळे नष्ट होत. हजारोंमधला एखादाच तगून राही. आणि तगलेल्याची पिलावळ मात्र त्याच नव्या वाणात बिनधोक वाढे! जणू तिला आत शिरायचा परवाना मिळाला होता.

दुसऱ्या वाणात फाजच्या वाढीवर 'निर्बंध' येतो, म्हणून या प्रकाराला रिस्ट्रिक्शन म्हटलं गेलं. एन्झाइम्सचं नाव आलं ते इथून.

याचं उत्तर जिनिव्हातल्या वर्नर आर्बर यांनी शोधलं. १९६२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी डेझी दुसॉइ यांनी दाखवलं, की परक्या फाजचा डीएनए जीवाणूच्या आत गेल्यावर तोडला जातो, आणि परवाना मिळालेल्या फाजच्या डीएनएवरच काहीतरी खूण असते. म्हणजे जीवाणूकडे दोन गोष्टी असल्या पाहिजेत : परका डीएनए तोडणारं एन्झाइम आणि आपल्या डीएनएवर खूण करणारं एन्झाइम.

पुढे १९७० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॅमिल्टन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 'हीमोफिलस इन्फ्लुएन्झी' या जीवाणूतून एक एन्झाइम वेगळं केलं. ते एका ठरावीक सहा अक्षरी क्रमाच्या बरोबर मध्ये डीएनए कापत होतं. त्या जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएला मात्र ते हात लावत नव्हतं. १९७१ मध्ये त्याच विद्यापीठातल्या डॅनियल नॅथन्स आणि कॅथलीन डॅना यांनी या एन्झाइमने एसव्ही-४० नावाच्या विषाणूच्या डीएनएचे ११ तुकडे करून दाखवले. त्यावरून पुढे त्या डीएनएचा नकाशाच तयार झाला.

आर्बर, स्मिथ आणि नॅथन्स यांना १९७८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आर्बर यांच्या लहान मुलीने, सिल्व्हियाने, हा शोध आपल्या परीने गोष्टीत बसवला होता : जीवाणूच्या राज्यात एक लांबलचक, सडपातळ राजा असतो आणि त्याचे बुटके, जाडे नोकर असतात. एका नोकराकडे कात्री असते. परका राजा चालून आला तर तो त्याचे तुकडे करतो, पण स्वतःच्या राजाला धक्का लावत नाही. राजा म्हणजे डीएनए आणि नोकर म्हणजे एन्झाइम्स. एवढ्या सोप्या शब्दांत हे सांगणं मोठ्यांनाही जमलं नसतं.

कात्रीवाला नोकर आपल्या राजाला का कापत नाही?

हा या सगळ्या व्यवस्थेचा गाभा आहे. समजा, कात्री जी-ए-ए-टी-टी-सी या क्रमावर कापते. ई. कोलायच्या ४६ लाख अक्षरांत हा क्रम शेकडो वेळा येणारच. मग जीवाणू स्वतःच कसा मरत नाही?

उत्तर आहे मिथाइलचा शिक्का. ज्या जीवाणूकडे ही कात्री असते, त्याच्याकडे तिच्या जोडीला दुसरं एन्झाइम असतं. तेही नेमका हाच क्रम ओळखतं, पण कापत नाही. ते त्यातल्या एका ए वर मिथाइल हा छोटासा रासायनिक गट चिकटवतं. शिक्का असलेल्या जागी कात्री नीट बसू शकत नाही, त्यामुळे ती जागा वाचते. जीवाणूच्या डीएनएची नवी प्रत तयार होते तेव्हा जुन्या बाजूवर शिक्का असतोच. तेवढा बचावाला पुरतो, आणि तोवर नव्या बाजूवरही शिक्का मारला जातो.

फाजच्या डीएनएवर हा शिक्का नसतो, म्हणून तो कापला जातो. क्वचित एखाद्या वेळी कात्रीच्या आधी शिक्केवालं एन्झाइम पोहोचतं आणि परक्या डीएनएवरच शिक्का बसतो. तो फाज वाचतो, आणि त्याच्या पिलावळीवरही तोच शिक्का असतो. वर सांगितलेल्या 'परवान्याचं' कोडं इथे सुटतं.

नेमकं कापलं कसं जातं?

प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कात्र्यांपैकी एक आहे इको-आर-वन. नावातलं 'इको' हे एशेरिकिया कोलाय या जीवाणूच्या नावावरून, 'आर' त्याच्या वाणावरून आणि 'वन' म्हणजे त्या वाणात सापडलेलं पहिलं. हिंड-थ्री, बॅम-एच-वन ही नावंही अशीच तयार झाली आहेत.

इको-आर-वन जिथे कापतं ती जागा अशी दिसते :

वरची बाजू : जी ✂ ए – ए – टी – टी – सी
खालची बाजू : सी – टी – टी – ए – ए ✂ जी

वरची ओळ डावीकडून वाचा आणि खालची उजवीकडून. दोन्हीकडे जी-ए-ए-टी-टी-सी हेच येतं. 'चिमा काय कामाची' हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचलं तरी तेच राहतं ना, तशातलाच हा प्रकार. फक्त इथे उलट वाचन समोरच्या बाजूवर करायचं. हे उगाच नाही. इको-आर-वन दोन एकसारख्या भागांनी बनलेलं असतं. ओंजळीत धरावं तसे हे दोन भाग डीएनएला दोन बाजूंनी धरतात आणि प्रत्येक जण आपल्या बाजूला तोच क्रम वाचतो.

आता क्रमाने पाहू :

१. एन्झाइम डीएनएला सैलसर धरतं आणि त्यावरून सरकत जातं.

२. सहा अक्षरांचा बरोबर क्रम सापडला, की एन्झाइम आणि अक्षरं यांच्यात अनेक हायड्रोजन बंध जुळतात. पकड घट्ट होते आणि त्या जागी डीएनए थोडा वाकतो.

३. त्यामुळे एन्झाइमचा कापणारा भाग साखर-फॉस्फेटच्या साखळीला बरोबर जाऊन भिडतो. मॅग्नेशियमच्या मदतीने पाण्याचा एक रेणू तिथला बंध तोडतो. हेच दुसऱ्या बाजूलाही होतं.

४. दोन्ही बाजू तुटतात, तुकडे वेगळे होतात आणि एन्झाइम पुढची जागा शोधायला मोकळं होतं.

क्रमातलं एक जरी अक्षर चुकलं, तरी सगळे बंध जुळत नाहीत आणि कापण्याचा वेग लाखो पटींनी मंदावतो. म्हणजे या कात्रीची करामत धारेपेक्षा वाचनात जास्त आहे.

मॅग्नेशियम नसेल तर कात्री चालतच नाही. म्हणून काम थांबवायचं असलं की प्रयोगशाळेत ईडीटीए नावाचं रसायन घालतात. ते मॅग्नेशियम पकडून ठेवतं. परिस्थिती बिघडली, म्हणजे क्षारांचं प्रमाण चुकलं किंवा ग्लिसरॉल जास्त झालं, तर हीच काटेकोर कात्री मिळत्याजुळत्या क्रमांवरही कापू लागते. म्हणून प्रत्येक एन्झाइमसोबत त्याचं ठरलेलं द्रावण वापरतात. इको-आर-वनचं काम ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, उत्तम चालतं.

चिकट टोकं आणि बोथट टोकं

वरची आकृती पुन्हा पाहा. दोन्ही बाजूंचे काप समोरासमोर नाहीत. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या टोकाला ए-ए-टी-टी अशी चार अक्षरं एकेरी लोंबत राहतात. त्यांना आपली जोडी हवी असते, म्हणून या टोकांना 'चिकट टोकं' म्हणतात. स्मा-वनसारखी काही एन्झाइम्स मात्र दोन्ही बाजू एकाच रेषेत कापतात. तिथे काही लोंबत नाही, टोकं बोथट राहतात.

चिकट टोकांची खरी ताकद अशी : बेडकाचा डीएनए इको-आर-वनने कापा किंवा जीवाणूचा, टोकं अगदी एकसारखीच मिळतात. मग ती एकमेकांना जुळू शकतात. चार अक्षरांची ही पकड कच्ची असते. ती पक्की करायला लायगेज नावाचं दुसरं एन्झाइम लागतं, ते तुटलेली साखळी सांधतं. कात्री आणि डिंक, दोन्ही निसर्गातूनच मिळाले.

किती तुकडे होतील?

याचं साधं गणित आहे. अक्षरं चार, क्रम सहा अक्षरी. म्हणजे ठरावीक क्रम सरासरी दर ४ × ४ × ४ × ४ × ४ × ४ = ४,०९६ अक्षरांमागे एकदा येईल. चार अक्षरी क्रम ओळखणारी कात्री सरासरी दर २५६ अक्षरांमागे कापेल, आठ अक्षरी ओळखणारी दर ६५,५३६ मागे. बारीक तुकडे हवेत की मोठे, त्यावरून शास्त्रज्ञ कात्री निवडतात.

पण ही नुसती सरासरी झाली. लॅम्डा या फाजच्या डीएनएत ४८,५०२ जोड्या आहेत. हिशोबाने इको-आर-वनच्या सुमारे १२ जागा हव्यात, प्रत्यक्षात आहेत ५. म्हणून एकाच डीएनएचे दरवेळी तेच ६ तुकडे मिळतात, आणि त्यांच्या लांबीवरून तो डीएनए ओळखता येतो.

कापा आणि जोडा : जनुकीय अभियांत्रिकीची सुरुवात

१९७३ मध्ये स्टॅनली कोहेन, हर्बर्ट बॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इको-आर-वन वापरून प्लाझ्मिडमध्ये दुसरा डीएनए बसवला. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या आत असणारं डीएनएचं छोटं वर्तुळ. कात्रीने ते एका जागी उघडायचं, त्याच कात्रीने कापलेला हवा तो तुकडा मध्ये ठेवायचा, लायगेजने सांधायचं आणि प्लाझ्मिड पुन्हा जीवाणूत सोडायचं. जीवाणू वाढले की तुकड्याच्या प्रतीही वाढतात. १९७४ मध्ये बेडकाचा जनुकही असाच जीवाणूत पोहोचला.

एवढी ताकद हाती आल्यावर भीतीही वाटू लागली. धोकादायक जनुक चुकून जीवाणूत गेले तर? विशेष म्हणजे हा प्रश्न शास्त्रज्ञांनी स्वतःच उचलला. १९७४ मध्ये पॉल बर्ग आणि इतरांनी असे काही प्रयोग तात्पुरते थांबवण्याचं आवाहन केलं. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे परिषद झाली आणि कोणता प्रयोग किती काळजी घेऊन करायचा, याची चौकट ठरली.

१९७८ मध्ये मानवी इन्शुलिनचे कृत्रिमरीत्या बनवलेले जनुक ई. कोलायमध्ये घालण्यात आले. त्या जनुकांची टोकं मुद्दाम इको-आर-वन आणि बॅम-एच-वनच्या कापाशी जुळतील अशी केली होती. दोन टोकांना दोन वेगळ्या कात्र्या असल्या की तुकडा उलटा बसायची भीती राहत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत हे इन्शुलिन औषध म्हणून मंजूर झालं. त्याआधी इन्शुलिन डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढावं लागे.

एका अक्षराची चूक पकडणारी कात्री

या कात्रीचा सर्वांत हृद्य उपयोग रोगनिदानात झाला, आणि तो आपल्या महाराष्ट्राच्याही जवळचा आहे.

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजांत आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. याचं कारण फक्त एक अक्षर : हिमोग्लोबिनच्या एका जनुकात जी-ए-जी च्या जागी जी-टी-जी.

आता योगायोग पाहा. एमएसटी-टू नावाचं एन्झाइम जो क्रम ओळखतं तो असा : सी-सी-टी, मग कोणतंही एक अक्षर, मग ए-जी-जी. निरोगी जनुकात नेमक्या त्या जागी सी-सी-टी-जी-ए-जी-जी असतं, म्हणून कात्री चालते. सिकलसेलच्या जनुकात ए चं टी झालेलं असतं. कात्रीला आपला क्रम सापडत नाही आणि ती कापत नाही.

म्हणजे निरोगी जनुकाचे सुमारे १,१५० आणि २०० अक्षरांचे दोन तुकडे मिळतात, तर सिकलसेलच्या जनुकाचा सुमारे १,३५० अक्षरांचा एकच अखंड तुकडा. जेलमध्ये वीज सोडली की लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे राहतात. मग पट्टे पाहून निदान करता येतं : फक्त लहान पट्टे म्हणजे निरोगी, फक्त मोठा पट्टा म्हणजे आजार, दोन्ही असतील तर वाहक.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या यूएट वाय कान आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दुसऱ्या एका कात्रीने अप्रत्यक्ष आणि १९८२ मध्ये एमएसटी-टूने थेट चाचणी दाखवली. तीही बाळ पोटात असताना, गर्भजलातल्या पेशींवरून. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के असते. त्याआधी गर्भाचं निदान करायचं तर त्याचं रक्तच मिळवावं लागे, आणि त्यात गर्भाला धोका असे.

आज गावपातळीवरची तपासणी रक्ताच्या सोप्या चाचण्यांनी होते, आणि डीएनए तपासायच्याही नव्या पद्धती आल्या आहेत. पण आधी पीसीआरने जनुकाच्या प्रती वाढवून मग अशाच कात्रीने त्या कापून पाहण्याची पद्धत अजूनही वापरली जाते.

मग क्रिस्पर काय आहे?

'जीन कापणारी कात्री' म्हटलं की आज सोशल मीडियावर क्रिस्परचंच नाव येतं. दोन्ही कात्र्या जीवाणूंनी फाजविरुद्ध वापरलेली शस्त्रंच आहेत. फरक असा, की रिस्ट्रिक्शन एन्झाइमचा क्रम त्याच्या घडणीतच ठरलेला असतो. इको-आर-वनला दुसरा क्रम शिकवता येत नाही. क्रिस्परसोबत आरएनएचा एक छोटा वाटाड्या असतो. तो बदलला की कापायची जागा बदलते. हा वाटाड्या साधारण २० अक्षरं जुळवून पाहतो, म्हणून माणसाच्या ३०० कोटी अक्षरांतही एकच जागा गाठता येते. इको-आर-वन तिथे लाखो ठिकाणी कापेल, म्हणून जिवंत पेशीतला जनुक दुरुस्त करायला ते उपयोगाचं नाही.

याचा अर्थ जुनी कात्री अडगळीत गेली असं नाही. परीक्षानळीत प्लाझ्मिड कापायचं तर ती आजही स्वस्त आणि भरवशाची आहे. एमआरएनए लशी बनवतानाही सामान्यतः प्लाझ्मिडचं वर्तुळ आधी रिस्ट्रिक्शन एन्झाइमने उघडून सरळ करतात, आणि मग त्यावरून एमआरएनए तयार होतो. आजवर निरनिराळ्या जीवाणूंत अशी हजारो एन्झाइम्स सापडली आहेत.

आर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ना इन्शुलिन बनवायचं होतं, ना सिकलसेल ओळखायचा होता. काही फाज काही जीवाणूंत वाढत का नाहीत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. 'या संशोधनाचा उपयोग काय?' असं कुणी विचारलं, तर त्यांना तेव्हा काय सांगता आलं असतं? पण त्याच प्रश्नातून निघालेल्या कात्रीने पुढे लाखो मधुमेहींसाठी औषध बनवायला मदत केली, आणि सिकलसेलची चिंता असलेल्या आई-बापांना बाळ जन्माला येण्याआधी खात्रीचं उत्तर मिळू लागलं.